टरफल विष शोषते. पण विषारी झालेल्या टरफलाचे काय?

वाशिम - सोयाबीन, तूर आणि हरभरा या तीन पिकांवर वाशिम जिल्ह्याचे अर्थकारण उभे आहे. हंगाम सुरू झाला, की वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर येथील बाजार समित्यांत दाण्याच्या भावाची चर्चा होते. दाण्यावरच्या टरफलाची चर्चा मात्र होत नाही. ते चुनीत मिसळले जाते, कुटारात जाते किंवा भट्टीत जळते. हेच टरफल पाण्यात विरघळलेले शिसे, क्रोमियम, कॅडमियम, तांबे असे धातू ओढून घेते, हे प्रयोगशाळांनी गेल्या पंचवीस वर्षांत वारंवार सिद्ध केले आहे. स्वस्त, स्थानिक आणि नैसर्गिक अशी तिन्ही विशेषणे लागू होत असल्याने या उपायाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. "शेतातल्या कचऱ्यातून शुद्ध पाणी" हे वाक्य व्याख्यानात आणि प्रकल्प अहवालात टाळ्या मिळवते.

तथापि, प्रयोगशाळेतील चंचुपात्रापासून गावाच्या विहिरीपर्यंतचे अंतर मोठे आहे. ते न मोजता हा उपाय पिण्याच्या पाण्यासाठी पुढे केला, तर लाभापेक्षा हानीच अधिक होण्याचा धोका आहे. याउलट योग्य जागी वापरल्यास वाशिमच्या टरफलाला खरोखर नवे मूल्य मिळू शकते. ती योग्य जागा कोणती, हाच या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

टरफल धातू का धरते?

वनस्पतीच्या टरफलात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, लिग्निन आणि पेक्टिन हे घटक असतात. या घटकांवर ऋणभार धारण करू शकणारे कार्बोक्सिल व हायड्रॉक्सिल गट असतात. पाण्यात विरघळलेले शिसे, तांबे, कॅडमियम यांचे कण धनभारित असतात. ते या गटांना जाऊन चिकटतात आणि तेथे आधीपासून असलेले कॅल्शियम किंवा हायड्रोजनचे कण पाण्यात सुटतात. धातू टरफलाच्या पृष्ठभागावर धरला जातो, म्हणून या क्रियेस जैव-अधिशोषण म्हणतात. टरफल जिवंत असण्याची गरज नसते. त्यामुळे त्याला खाऊपिऊ घालावे लागत नाही आणि विषारी पाण्यात ते मरण्याचा प्रश्नही उद्‍भवत नाही.

गढूळ पाणी निवळण्यासाठी मडक्याच्या आत निवळीचे बी उगाळण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. तिची आणि या तंत्राची गल्लत होऊ नये. निवळीमुळे पाण्यात तरंगणारी माती खाली बसते. विरघळलेला धातू डोळ्यांना दिसत नाही आणि तो तसा खाली बसतही नाही. स्वच्छ, नितळ दिसणाऱ्या पाण्यात मर्यादेच्या कित्येक पट शिसे असू शकते. रंग, वास वा चव यांवरून त्याचा सुगावा लागत नाही.

या विषयावरील दोन संशोधने वाशिमच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या न्यू ऑर्लिन्स येथील संशोधन केंद्रात वेन मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या टरफलावर सायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली. त्यामुळे टरफलाची तांबे धरण्याची क्षमता कित्येक पटींनी वाढते, हे त्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. बंगळूर येथील एन. अहल्या, आर. डी. कानमडी आणि टी. व्ही. रामचंद्र यांनी २००५ मध्ये हरभऱ्याच्या टरफलाने षट्संयुजी क्रोमियम काढता येतो, हे दाखविले आणि पुढे तुरीच्या टरफलावरही काम केले. सोयाबीन, हरभरा, तूर ही तिन्ही पिके याच जिल्ह्याची आहेत. सोयाबीनच्या दाण्यात टरफलाचा वाटा सुमारे ८ टक्के असतो. म्हणजे क्विंटलमागे जवळपास ८ किलो. कच्च्या मालाची टंचाई वाशिमला भासणार नाही, हे उघड आहे.

कागदावरचे गणित आणि विहिरीचे पाणी

हरभऱ्याच्या टरफलावरील उपरोक्त प्रयोगात एका ग्रॅम टरफलाची क्रोमियम धरण्याची कमाल क्षमता सुमारे ९१ मिलिग्रॅम निघाली. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या निकषानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. एखाद्या विहिरीत तो दुप्पट, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम आहे, असे समजू. कागदावर हिशेब केला, तर एक किलो टरफल अशा विहिरीचे १८ लाख लिटर पाणी मर्यादेत आणेल. आकडा डोळे दिपविणारा आहे. मात्र तो प्रत्यक्षात येत नाही.

पहिले कारण पाण्याच्या सामूचे. या प्रयोगात टरफलाने सर्वोत्तम काम केले ते सामू २ असताना. एवढे आम्लधर्मी पाणी म्हणजे जवळपास लिंबाचा रस. आपल्या विहिरींच्या पाण्याचा सामू साधारणपणे ७ ते ८.५ च्या दरम्यान असतो. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात ऋणभारित रूपात असतो आणि आम्लधर्मी पाण्यातच तो टरफलाकडे ओढला जातो. शिसे, तांबे, कॅडमियम यांना सामू ५ ते ६ अधिक मानवतो. एकच टरफल, एकाच पाण्यात, सर्व धातूंवर सारखेच चालेल, असे म्हणणारा विक्रेता भेटल्यास त्याच्यापासून सावध राहिलेले बरे.

दुसरे कारण धातूच्या प्रमाणाचे. प्रयोगशाळेत बहुधा लिटरमागे दहा ते शंभर मिलिग्रॅम धातू मुद्दाम विरघळवून चाचणी घेतली जाते. कमाल क्षमतेचा आकडा अशा दाट द्रावणातून येतो. विहिरीत धातू असलाच, तर तो त्याच्या शतांश वा सहस्रांश असतो. द्रावण विरळ झाले, की टरफलाची पकडही घटते.

तिसरे कारण या जिल्ह्याच्या भूगर्भात आहे. वाशिम बेसाल्ट खडकावर वसला आहे. या खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम भरपूर असतात. म्हणूनच भांड्यांवर पांढरा थर चढतो आणि डाळ लवकर शिजत नाही. हे दोन्ही घटकही धनभारितच. टरफलावरील जागा मर्यादित आणि त्या जागांसाठी एका शिशाच्या कणामागे हजारो कॅल्शियमचे कण रांगेत. शिशाची ओढ अधिक असली, तरी एवढ्या गर्दीत टरफलाची क्षमता घटल्याशिवाय राहत नाही. ऊर्ध्वपातित पाण्यातील प्रयोग ही गर्दी पाहतच नाही.

चौथी बाब आरोग्याची. कच्चे टरफल पाण्यात ठेवले, की त्यातून रंगद्रव्ये, टॅनिन आणि इतर सेंद्रिय पदार्थ पाण्यात उतरतात. काही दिवसांत त्यावर जिवाणूंची वाढ होते. धातू काढण्यासाठी ठेवलेले टरफल पाण्याला वास आणि अतिसाराचे निमित्त देऊ शकते.

जिल्ह्याचा आजार कोणता?

औषध निवडण्यापूर्वी आजाराचे निदान व्हावे लागते. वाशिम हा जड उद्योगांचा जिल्हा नाही. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला, तो औद्योगिक मागासलेपणासह. येथे कोळशाच्या खाणी नाहीत, औष्णिक वीज केंद्र नाही, चर्मोद्योगाचे पट्टे नाहीत. विदर्भातील ग्रामीण विहिरींची नेहमीची तक्रार नायट्रेट आणि काठिण्य यांची असते. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइडची. साध्या टरफलाने नायट्रेट निघत नाही आणि फ्लोराइडवरही त्याचा भरवसा धरता येत नाही. धातूंचा उपाय नायट्रेटच्या गावात नेणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार होईल.

याचा अर्थ धातूंचा धोका अजिबात नाही, असा मात्र नव्हे. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढणारे व्यवसाय, वाहन दुरुस्तीची केंद्रे, मोडीत निघालेली विद्युत उपकरणे, शहराबाहेरील कचऱ्याचे ढीग, मूर्तींवरील रासायनिक रंग आणि ज्या खनिजापासून स्फुरदयुक्त खते बनतात त्यात नैसर्गिकपणे असलेले कॅडमियम, हे लहान शहरांतही आढळणारे स्रोत आहेत. मूर्तींच्या रंगांतील विषारी द्रव्यांमुळेच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० मध्ये त्या अधिक कडक केल्या.

शिवाय, या जिल्ह्याचे भौगोलिक स्थान लक्षात घेतले पाहिजे. वाशिम हा माथ्यावरचा प्रदेश आहे. काटेपूर्णा येथून उत्तरेकडे जाते आणि महान येथील धरणातून अकोला शहराची तहान भागविते. पूस, अरुणावती आणि अडाण यांचे पाणी पैनगंगा व वर्धेमार्गे पुढे गोदावरीच्या खोऱ्यात जाते. येथे पाण्यात जे मिसळेल, ते तापी आणि गोदावरी या दोन्ही खोऱ्यांत उतरेल. माथ्यावरच्या गावांनी पाणी राखणे हे केवळ स्वतःपुरते कर्तव्य ठरत नाही.

मग येथील किती विहिरींत शिसे वा कॅडमियम आहे? या प्रश्नाचे उत्तर गावपातळीवर मिळण्याची सोय तोकडी आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातील महिलांना क्षेत्रीय तपासणी संच देऊन प्रशिक्षित करण्यात आले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु हे संच साधारणतः सामू, गढूळपणा, काठिण्य, क्लोराइड, लोह, नायट्रेट, फ्लोराइड आणि उर्वरित क्लोरीन तपासतात. शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांचे लिटरमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या वा हजाराव्या भागातील प्रमाण मोजण्यास अणुशोषण वर्णपटमापकासारखे महागडे उपकरण आणि प्रशिक्षित विश्लेषक लागतो. शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे, तर कॅडमियमची अवघी ०.००३. रंगपट्टी पाहून हे कळणार नाही.

शोषलेला धातू नाहीसा होत नाही

या संपूर्ण विषयातील सर्वांत दुर्लक्षित बाब पुढची आहे. सेंद्रिय घाण कुजते, जिवाणू मरतात. धातू मात्र नष्ट होत नाही. टरफल धातू काढते म्हणजे तो पाण्यातून उचलून स्वतःवर घेते. पाणी शुद्ध झाले, त्या क्षणी टरफल विषारी झाले. ते गेले कुठे, हा प्रश्न बहुतेक प्रकल्प अहवालांच्या शेवटच्या पानावर एका ओळीत आटोपला जातो.

वाशिमसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण येथे टरफल हे खाद्य आहे. तुरीची व हरभऱ्याची चुनी जनावरांना घातली जाते. उन्हाळ्यात चाराटंचाई आली, की कुटाराला सोन्याचे मोल येते. वापरलेले टरफल वाळले, की दिसायला साध्या टरफलासारखेच असते. गावातील पाणी केंद्राच्या मागे पडलेला असा ढीग एखाद्या जनावराने खाल्ला, तर शिसे दुधावाटे परत घरात येऊ शकते. शेतात टाकला, तर धातू मातीत आणि तेथून पिकात. चुलीत जाळला, तर काही धातू धुरात आणि उरलेला राखेत. आणि राखेने भांडी घासण्याची सवय अद्याप सर्वत्र गेलेली नाही.

धातू आणि अन्न यांचा संबंध किती भयंकर ठरू शकतो, हे जपानने दाखविले आहे. जिंझू नदीत खाणीतून आलेले कॅडमियम भाताच्या शेतांत उतरले आणि हाडे ठिसूळ करणाऱ्या इताई-इताई या आजाराने माणसे विव्हळत राहिली. तेथील सरकारने १९६८ मध्ये हा संबंध अधिकृतपणे मान्य केला. तोवर कित्येकांचे आयुष्य वेदनेत गेले होते.

आम्लाने धुऊन टरफलावरील धातू सोडवता येतो आणि टरफल काही वेळा पुन्हा वापरता येते, हे खरे. मात्र त्यातून धातूचे दाट, आम्लयुक्त द्रावण उरते. ते हाताळणे ग्रामपंचायतीच्या शिपायाचे काम नव्हे.

जुने अनुभव काय सांगतात?

पाणी शुद्धीकरणाचे चांगले तंत्र गावात जाऊन का थांबते, याचे उदाहरण शोधण्यास विदर्भाबाहेर जावे लागत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच 'नीरी'ने, फ्लोराइड काढण्यासाठी तुरटी व चुन्यावर आधारित नालगोंडा पद्धत विकसित केली. तंत्र सोपे, साहित्य स्वस्त. परंतु रोज योग्य मात्रा मोजून टाकणे, ढवळणे आणि खाली बसलेल्या गाळाची विल्हेवाट लावणे यासाठी कायम माणूस लागतो. जेथे तो मिळाला नाही, तेथे यंत्रणा बंद पडली.

पश्चिम बंगालचा अनुभव याहून बोलका आहे. आर्सेनिक काढणाऱ्या विविध कंपन्यांच्या १९ संयंत्रांचा जादवपूर विद्यापीठातील संशोधकांनी दोन वर्षे अभ्यास केला. एकही संयंत्र आर्सेनिकचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेखाली सातत्याने राखू शकले नाही, असा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत मोठा धोका खोट्या दिलाशाचा असतो. यंत्र बसले म्हणून लोक निर्धास्त होतात आणि दूषित पाणी अधिक विश्वासाने पितात.

उद्योगजगताचा अनुभवही सावध करणारा आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेत शेवाळ व जिवाणूंवर आधारित धातुशोषक उत्पादने बाजारात आली, पण ती फार काळ टिकली नाहीत. डंडी विद्यापीठाचे जेफ्री गॅड यांनी २००९ मध्ये घेतलेल्या चिकित्सक आढाव्यात, हजारो शोधनिबंध होऊनही उद्योगांत हे तंत्र जवळपास उतरलेच नाही, याकडे लक्ष वेधले.

याउलट जेथे शेतीच्या कचऱ्याचे प्रमाणित उत्पादन झाले, तेथे यश आले. नारळाच्या करवंटीपासून बनणारा सक्रिय कोळसा आज घरोघरच्या जलशुद्धीकरण यंत्रांत आहे. पुण्यातील टाटा संशोधन विकास व आरेखन केंद्राने भाताच्या तुसाच्या राखेवर काम केले आणि त्यातून २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' हे उपकरण बाजारात आले. त्याचे लक्ष्य जिवाणू होते, धातू नव्हेत, हे येथे नमूद केले पाहिजे. पण कचऱ्यातून उत्पादन घडविताना दर्जा ठरलेला असावा, काडतूस कधी बदलायचे हे वापरणाऱ्याला कळावे, हा धडा त्यातून मिळतो.

टरफलाची योग्य जागा

वरील मर्यादा नीट वाचल्या, तर त्यांतूनच मार्गही दिसतो. दाट प्रमाण, आम्लधर्मी पाणी, ठाऊक असलेला धातू आणि कचरा हाताळण्याची कायदेशीर जबाबदारी, या चारही अटी विहिरीजवळ पूर्ण होत नाहीत. कारखान्याच्या नाल्याजवळ मात्र त्या पूर्ण होऊ शकतात. विद्युत विलेपन, म्हणजे प्लेटिंग करणाऱ्या लहान उद्योगांच्या सांडपाण्यात क्रोमियम, निकेल, तांबे असतात आणि क्रोमियमयुक्त सांडपाणी बहुधा आम्लधर्मी असते. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार नदीनाल्यात सोडताना षट्संयुजी क्रोमियम लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. चुन्याने धातू खाली बसविण्याची रूढ पद्धत मोठा हिस्सा काढते; शेवटचा थोडा हिस्सा काढणे तिला जड जाते. त्या अखेरच्या टप्प्यात टरफलाचे स्तंभ उपयोगी पडू शकतात.

वापरलेल्या टरफलाचा मार्गही तेथे ठरलेला असतो. विलेपन उद्योगातील धातुयुक्त गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतो आणि नागपूरजवळ बुटीबोरी येथे अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीचे केंद्र आहे. महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळा हे दुसरे योग्य ठिकाण. तेथे धातूंचे क्षार बेसिनमध्ये ओतले जातात, प्रमाण ठाऊक असते आणि मोजणारे हातही असतात.

अतिविशाल प्रमाणापुढे मात्र टरफलाचा इलाज चालत नाही. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी वीज केंद्राच्या खसाळा येथील राखबंधाऱ्याला भगदाड पडले आणि राखेचा गाळ शेतांत व नदीत शिरला. अशा ठिकाणी बंधारा सुरक्षित ठेवणे हाच उपाय असतो. नंतर टरफल टाकून काही साधत नाही.

काय व्हावे?

जिल्हा प्रशासन, भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा, अमरावती विद्यापीठ आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी एकत्र येऊन तीन गोष्टी क्रमाने कराव्यात. पहिली, कचरा डेपो, बॅटरी व्यवसाय, विसर्जनाचे तलाव आणि शहरांचे नाले यांच्या परिसरातील निवडक विहिरींची पावसाळ्यापूर्वी व नंतर धातूंसाठी तपासणी करून तिचे निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. ज्या विहिरीत धातू आढळेल, ती पिण्यासाठी बंद करून पर्यायी पाणी द्यावे. टरफलाच्या प्रयोगाची वाट पाहू नये. दुसरी, सोयाबीन, तूर आणि हरभरा यांच्या टरफलावरील प्रयोग ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी प्रत्यक्ष सांडपाण्यावर व्हावेत आणि किती लिटरनंतर ते निकामी होते, हा आकडा प्रसिद्ध व्हावा. तिसरी, वापरलेले टरफल कोठे जाणार, याचे लेखी उत्तर असल्याशिवाय कोणत्याही प्रकल्पाला मान्यता मिळू नये. असे टरफल रंग लावून वेगळे ओळखू येईल अशी व्यवस्था असावी.

टरफल फुकट आहे, हा समजही या निमित्ताने दूर व्हावा. गोळा करणे, धुणे, वाळविणे, चाळणे, प्रक्रिया करणे आणि वाहून नेणे याला खर्च येतो आणि पशुपालकाच्या दारातील त्याच्या मागणीशी स्पर्धाही करावी लागते. तो खर्च उद्योगाने, म्हणजे पाणी दूषित करणाऱ्याने उचलावा. तहानलेल्या गावावर तो पडू नये. तसे झाल्यास वाशिमच्या शेतकऱ्याला टरफलाचा चार पैसे अधिक भाव मिळेल आणि धातू नदीत उतरण्याआधीच अडविला जाईल. अन्यथा आज पाण्यात असलेले विष उद्या गोठ्यात पोहोचेल.